मायच्या अंगावरचे फोड: आधी कातडीचा तुकडा तपासा

प्रश्न: डॉक्टरसाहेब, आमचं गाव दारव्हा तालुक्यात. घरी पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. माझ्या मायचं वय ४८. दिवाळीच्या आसपास तिचं तोंड आलं, ते अजून बरं नाही. उष्णता समजून गुलकंद, सब्जा, बी-कॉम्प्लेक्स सगळं करून झालं. गेल्या महिन्यापासून छातीवर, पाठीवर, काखेत पाण्याचे फोड येतात. दिवसभरात फुटतात आणि लालभडक जागा उरते. कपडा चिकटतो, रात्री झोप नाही. गावात कोणी नागीण म्हणतं, कोणी बिब्बा उतला म्हणतं, कोणी बाहेरचं. बाजाराच्या गावचे डॉक्टर इंजेक्शन देतात, आठ दिवस बरं वाटतं, मग दुपटीनं येतं. घरात लहान लेकरू आहे म्हणून बायकोनं मायची ताटवाटी वेगळी केली. मेडिकलवाला म्हणतो, मोठ्या दवाखान्यात स्टेरॉइड देतात, त्यानं किडनी जाते. बहिणीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती, तीही थांबली. हा आजार कोणता? लागतो का? कुठे न्यावं? माय बरी होईल का?

उत्तर:

भाऊ, तुम्ही सगळं क्रमानं लिहिलंत, त्यामुळे माझं अर्धं काम झालं. आधी तोंड आलं, ते महिनोन्‌महिने बरं झालं नाही, मग अंगावर फोड उठले, फोड पातळ आणि लगेच फुटणारे, आणि इंजेक्शननं आठ दिवस दबून पुन्हा उसळणारे. हा क्रम वाचला की कातडीच्या कोणत्याही डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येतं ते पेम्फिगस व्हल्गॅरिस. पत्रावरून निदान होत नसतं, आणि मी ते करतही नाही. पण संशय इतका पक्का आहे की वेचणी आटोपू द्या, लग्नाचा हंगाम जाऊ द्या, असं म्हणायला जागा नाही. याच आठवड्यात न्या.

आधी गावातली नावं बाजूला करू. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते, फोड येण्याआधी तिथे आग आणि ठणका असतो, आणि दोन ते चार आठवड्यांत ती आपोआप सुकते. मंत्रानं उतरली असं लोकांना वाटतं ते म्हणूनच. ती कोणी न उतरवता उतरणारच असते. तिनं तोंडापासून पाठीपर्यंत महिनोन्‌महिने ठिय्या दिला, असं होत नाही. (वेढा पूर्ण झाला की माणूस जातो, हेही खरं नाही.) बिब्बा उततो तो जिथे तेल लागलं तिथे. काळपट डाग, ओघळाची रेघ, भोवती सूज आणि खाज. मायनं तोंडात बिब्बा धरला नसेल, तर तोंडातल्या जखमांचं उत्तर बिब्ब्याकडे नाही. बाहेरच्याबद्दल मी वाद घालत नाही. एवढंच सांगतो, की या आजारात काय बिघडतं ते काचेच्या पट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी दिसतं.

ते असं. आपल्या कातडीचा वरचा थर म्हणजे एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या पेशींच्या रांगा. त्यांना धरून ठेवणारी जी प्रथिनं आहेत, त्यांना डेस्मोग्लीन म्हणतात. अंगातली जी ताकद जंतूंशी लढायला असते, ती काही माणसांत चुकून या डेस्मोग्लीनवरच उलटते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करते. गोधडीचे टाके उसवावेत तशा पेशी एकमेकींपासून सुटतात, मधल्या फटीत पाणी भरतं आणि फोड उठतो. हे उसवणं वरच्या थराच्या आतच होत असल्यानं फोडाचं टरफल अगदी पातळ असतं. म्हणून तो ढिला दिसतो आणि कूस बदलली तरी फुटतो. तोंडातलं आवरण तर मुळातच नाजूक, तिथे फोड टिकतच नाही, थेट जखमच दिसते. म्हणून मायच्या तोंडात तुम्हाला कधी फोड दिसला नसेल, फक्त सोललेली जागा दिसली असेल. निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये सुरुवात तोंडापासूनच होते, आणि कातडीवर फोड यायला पुढे काही आठवडे ते महिने लागतात. तेवढा सगळा काळ उष्णतेच्या नावावर जातो. माझं ऐकाल तर हे वाक्य घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा: तीन आठवड्यांत बरं न झालेलं तोंड डॉक्टरला दाखवायचंच, मग ते तंबाखूवाल्याचं असो की कधी सुपारीही न खाणाऱ्या बाईचं.

लागतो का? नाही. हा आजार जंतूचा नाही. फोडातलं पाणी अंगाला लागलं, एका ताटात जेवलं, एका अंथरुणावर निजलं, लेकरानं आजीची पप्पी घेतली, तरी लागत नाही. सूनबाईंना दोष देऊ नका, लेकरू घरात असलं की कोणतीही आई हेच करेल. पण ताटवाटी आजच एक करा. चार महिने गिळताना डोळ्यांत पाणी येणाऱ्या बाईला वेगळ्या ताटात वाढलेलं अन्न आणखी कमी जातं.

आता तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं अडतं ते इथेच.

न्यायचं कुठे? तुम्हाला जवळचं यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथून पुढे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे, नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स. या सगळीकडे कातडीचा वेगळा विभाग आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सरकारी दवाखान्यात या विभागाच्या पाटीवर बहुतेक 'त्वचा व गुप्तरोग' असं लिहिलेलं असतं. ती पाटी वाचून कितीतरी बाया दारातून परत फिरतात, सोबतचा माणूसही बिचकतो. कातडी, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हे तिन्ही एकाच शिक्षणात शिकवतात, म्हणून पाटी तशी असते. मायला घरूनच सांगून न्या.

जायच्या दिवशी अंगाला तेल, हळद, राख, मलम काही लावू नका. रात्रीत नवा छोटा फोड उठला असेल तर त्याला हात लावू नका, तोच कामाचा. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, गाडीत फुटला तर फोटो तरी दाखवता येईल. आजवरच्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि मिळाली तर त्या इंजेक्शनची रिकामी बाटली सोबत घ्या. रेशनकार्ड आणि आधारकार्डही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे दवाखान्यातला आरोग्यमित्र कागद पाहून सांगेल. भरती व्हायच्या आधीच त्याला गाठा. बिल झाल्यावर कागद पुरवायला गेलं की फार हेलपाटे होतात.

डॉक्टर आधी तोंड पाहतील, मग पाठ. चोळी चिकटली असेल तर ओढून काढू देऊ नका, सलाइनच्या पाण्यानं भिजवून सोडवतात. मग फोडाच्या शेजारची चांगली दिसणारी कातडी अंगठ्यानं हलकेच दाबून सरकवून पाहतील. या आजारात ती कातडी बोटाखाली सुटून येते. निकोल्स्की नावाच्या रशियन डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही खूण नोंदवली, आणि आजही ती विनाखर्चाची सगळ्यात कामाची खूण आहे. दुसरी सोपी तपासणी म्हणजे ताज्या फोडाचा तळ हळूच खरवडून काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि रंग देऊन पाहायचा. सुट्या झालेल्या गोल पेशी त्यात दिसतात. तिला झँक स्मिअर म्हणतात आणि निकाल त्याच दिवशी मिळू शकतो.

पण नक्की निदान बायोप्सीनंच होतं. बायोप्सी म्हटलं की आपल्याकडे लोकांना कॅन्सरच ऐकू येतो. इथे त्याचा संबंध नाही. जागा बधिर करायचं छोटं इंजेक्शन, मग पेन्सिलीच्या टोकाएवढा कातडीचा तुकडा, एक-दोन टाके. टाके आठ-दहा दिवसांत निघतात. आणि इथे एक मुद्दा तुम्ही स्वतः विचारून घ्या: तुकडे दोन लागतात. पहिला ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मॅलिनमध्ये जातो आणि कातडी नेमकी कुठल्या थरात सुटली ते सांगतो. दुसरा फोडापासून साधारण एक सेंटिमीटरवरच्या, वरून ठीक दिसणाऱ्या कातडीचा. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकला की वाया गेला. त्याच्यासाठी मिशेल नावाचं वेगळं द्रावण असतं. या दुसऱ्या तुकड्यावर इम्युनोफ्लुरोसन्स नावाची तपासणी करतात. अंधाऱ्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रतिपिंडं हिरवी चमकतात आणि पेशींच्या भोवती मासे धरायच्या जाळीसारखी नक्षी दिसते. ती जाळी दिसली की शंका उरत नाही. ही सोय प्रत्येक ठिकाणी नसते, तुकडा मोठ्या शहराच्या लॅबमध्ये पाठवावा लागतो, म्हणून रिपोर्टला दिवस लागले तर चिडू नका. तोंडाचा आणि कातडीचा त्रास जास्त असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता उपचार सुरू करतील, तेही बरोबरच. रक्तातली डेस्मोग्लीनविरोधी प्रतिपिंडं मोजायचीही तपासणी आहे. पुढे औषध कमी करताना तिचा उपयोग होतो.

त्या इंजेक्शनबद्दल. आठ दिवस बरं, मग दुप्पट, म्हणजे ते बहुधा स्टेरॉइडच असणार. गंमत पाहा, मेडिकलवाला ज्या स्टेरॉइडची भीती घालतोय ते मायच्या अंगात आधीच जातंय. फक्त नाव न सांगता, माप न ठेवता, आणि साखर-बीपी न पाहता. माझी तक्रार स्टेरॉइडबद्दल नाही, अशा चोरट्या स्टेरॉइडबद्दल आहे. निदान न करता दिलेलं इंजेक्शन आजार दाबतं, खूण पुसतं आणि पुढच्या डॉक्टरला कोड्यात टाकतं. तरी एक सावधगिरी. हे इंजेक्शन किंवा सोबतच्या गोळ्या बरेच आठवडे चालू असतील तर माझं वाचून एकदम बंद करू नका. का, ते खाली लिहितो. मोठ्या दवाखान्यात पोहोचा आणि तिथे खरं सांगा. इंजेक्शन झालं असलं तरी तपासणी होते.

आता किडनी. स्टेरॉइडनं किडनी जात नाही. किडनीला धोका जास्त असतो तो अंग दुखतं म्हणून महिनोन्‌महिने खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्यांचा, ज्या त्याच दुकानात बिनचिठ्ठीच्या मिळतात. स्टेरॉइडचे त्रास आहेत, आणि ते मी लपवणार नाही: साखर वाढते, बीपी वाढतं, चेहरा गोल होतो, भूक सुटते, पित्त होतं, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, झोप उडते, कोणाची चिडचिड वाढते. अंगात दबून बसलेला टीबी डोकं वर काढू शकतो. म्हणूनच चांगला डॉक्टर सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, साखर आणि रक्त तपासतो, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी जोडतो. ही यादी ऐकून कोणी घाबरलं तर दुसरी बाजूही सांगा. स्टेरॉइड हाती येण्याआधी, म्हणजे १९५०च्या अगोदर, पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. सोललेल्या अंगातून पाणी आणि प्रथिनं जात, जंतू शिरत, आणि भाजलेल्या माणसासारखी गत होई. आज बहुतेक रुग्ण जगतात ते याच औषधामुळे.

सुरुवातीला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, साधारण वजनाच्या प्रत्येक किलोला अर्धा ते एक मिलिग्रॅम. मायचं वजन ४५ किलो असेल तर दिवसाला वीस-पंचवीसपासून पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत, सकाळी, पोटात काही गेल्यावर. किती आणि केव्हा कमी करायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. जोडीला अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मायकोफिनोलेट असं दुसरं औषध देतात, म्हणजे स्टेरॉइड लवकर उतरवता येतं. त्यावर असताना ठरल्या दिवशी रक्त तपासायला जायचं, ते चुकवायचं नाही. पहिली पायरी म्हणजे नवे फोड यायचे थांबणं. त्याला काही आठवडे लागतात. मग जुन्या जखमा भरतात. तोंड सगळ्यांत शेवटी बरं होतं, त्यामुळे पाठ सुकली आणि तोंड तसंच आहे म्हणून डॉक्टर बदलू नका.

आपल्या देशात या आजारावर 'पल्स'ची पद्धत चांगली रुळली. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरीचा यांनी ती १९८०च्या दशकात सुरू केली. सलग तीन दिवस सलाइनमधून १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, त्यातल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि हे चक्र दर २८ दिवसांनी. मधल्या दिवसांत सायक्लोफॉस्फामाइडची रोज एक छोटी गोळी. खेड्यातून महिन्यातून एकदा चार दिवस येऊन राहणाऱ्यांना ही पद्धत झेपते, आणि खर्च आवाक्यातला. मात्र सायक्लोफॉस्फामाइडनं पाळी कायमची बंद होऊ शकते आणि मूल राहण्याची शक्यता जाऊ शकते, पुरुषांतही. मूलबाळ हवं असलेल्या तरुण रुग्णानं हे सुरू करण्याआधी डॉक्टरशी स्पष्ट बोलावं. त्या दिवसांत पाणी भरपूर प्यायचं, आणि लघवीत रक्त दिसलं तर लगेच सांगायचं.

अलीकडचं औषध रिटुक्सिमॅब. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या पिढीलाच ते बाजूला करतं. साधारणपणे एक-एक ग्रॅमचे दोन डोस, पंधरा दिवसांच्या अंतरानं, सलाइनमधून. २०१७ साली फ्रान्समधल्या ९० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रिटुक्सिमॅबसोबत थोडे महिने स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना पूर्ण बरे होते, नुसत्या स्टेरॉइडवाल्यांपैकी ३४ टक्के. पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. भारतीय कंपन्या ते बनवू लागल्यापासून किंमत उतरली, तरी आपल्या घराला ती जडच. म्हणून आरोग्यमित्राला आणि विभागातल्या डॉक्टरांना विचाराच. त्याआधी कावीळ ब आणि टीबी यांची तपासणी हवीच. मला विचाराल तर, परवडत असेल आणि सोय असेल तर सुरुवातीलाच द्यावं, आजार वर्षभर रेंगाळल्यावर नव्हे.

बरी होईल का? आटोक्यात येईल, बहुतेकांचा येतो. कित्येकांचं औषध पुढे बंदही होतं. पण हिशोब महिन्यांचा नाही, वर्षांचा आहे, आणि मध्ये पुन्हा फोड येऊ शकतात. खरा घात होतो तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. अंग स्वच्छ दिसतं, चेहरा फुगलेला दिसतो, शेजारीण म्हणते बाई कशाला गोळ्या खातेस, आणि माय गोळ्या बंद करते. कित्येक आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. एकदम बंद केलं तर उलट्या, चक्कर, बीपी पडणं, आणि माणसाच्या जिवावर बेतू शकतं. शिवाय आजार दुप्पट जोरानं परततो. मुंबई-पुण्याला लग्नाला जायचं असलं तरी गोळ्या पिशवीत हव्यात. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी दवाखान्यात जाल तेव्हा, दाताचा असला तरी, स्टेरॉइड चालू आहे हे आधी सांगायचं.

घरचं काम तुमच्या हातात आहे, आणि ते औषधाइतकंच लागतं. ओल्या अंगाला चादर चिकटते, सोडवताना पुन्हा सोलतं. त्याला आपल्याकडे जुना आणि फार चांगला उपाय आहे: केळीचं कोवळं पान. स्वच्छ धुवून, उकळत्या पाण्यात बुडवून काढून, गार करून, वरून पातळ व्हॅसलीन लावून त्यावर मायला निजवा. पान चिकटत नाही, थंडावा देतं, आणि रोज नवं मिळतं. जळिताच्या रुग्णांनाही दवाखान्यांत ते वापरतात. मोठा ताणलेला फोड दवाखान्यात निर्जंतुक सुईनं फोडतात आणि वरचं टरफल तसंच ठेवतात, तेच त्याचं आवरण. घरी काट्यानं फोडू नका. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं पुसायला सांगितलं तर पाणी फिकट गुलाबी असावं. जांभळं झालं तर कातडी भाजते. दाणा पूर्ण विरघळला का, तेही पाहा.

माश्या हलक्यात घेऊ नका. ओल्या जखमेवर माशी बसली की अळ्या पडतात, आणि मग गावात जे बोललं जातं ते ऐकवत नाही. दिवसासुद्धा मच्छरदाणी लावा, गोठ्याच्या बाजूची खाट हलवा. अंगावर जुनं, मऊ, धुऊन उन्हात वाळवलेलं सुती लुगडं. ऊन लागू देऊ नका, उन्हानं हा आजार भडकतो, आणि आपलं ऊन कसलं असतं ते सांगायला नको. पऱ्हाटीची वाळली बोंडं हाताला ओरखडतात, फवारणीचं औषध उघड्या जखमेतून अंगात जातं. अंग पूर्ण भरेपर्यंत मायनं वावरात पाय ठेवू नये. या हंगामात एक बाई मजुरीनं लावा.

जेवणात तिखट पूर्ण बंद. ठेचा नाही, रस्सा नाही, लिंबू-लोणचं नाही. भाकरीची कडा तोंडात काचेसारखी टोचते, म्हणून भाकरी दुधात कुस्करून, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, मऊ भात आणि बिनतिखटाचं वरण, शिरा, उकडलेली अंडी बारीक करून. फोडांतून प्रथिनं वाहून जातात, त्यामुळे अंडी, डाळ, दूध चालत असेल ते रोज हवं. सगळं कोमट. दात बोटाला सुती कापड गुंडाळून पुसावेत. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला तर ती बुरशी असते, स्टेरॉइडवर असताना होते, तिचं वेगळं औषध आहे. तोंडातल्या जखमांवर लावायचं मलम किंवा गुळण्या डॉक्टर देतील. गुळणीचं औषध गिळायचं नसतं, हे मायला दोनदा सांगा.

थांबायचं कधी नाही? ताप आला, जखमांना वास सुटला किंवा पू झाला, पाणीही गिळवेना, लघवी कमी झाली, गुंगी आली, डोळे लाल होऊन उघडेनात: यातलं एकही झालं तर रात्र असली तरी १०८ला फोन करा.

याच सदराचे इतर वाचक असतील, त्यांच्यासाठी थोडं. घरातल्या सत्तरीच्या आजोबांना आधी महिनोन्‌महिने खाज आणि मग टणक, ताणलेले, सहज न फुटणारे फोड आले, तोंड मात्र ठीक, तर तो बहुधा दुसरा आजार, बुलस पेम्फिगॉइड. त्यात वरचा थर पूर्णच खालून सुटतो, म्हणून टरफल जाड. लकवा किंवा कंपवात झालेल्या म्हाताऱ्यांत तो जास्त दिसतो, आणि मधुमेहाच्या 'ग्लिप्टिन' गटातल्या गोळ्यांनीही उद्भवू शकतो. म्हणून साखरेच्या गोळीचं पाकीट डॉक्टरला दाखवाच. त्याचा उपचार बराच सौम्य असतो. काहींना अंगाला लावायच्या तेज स्टेरॉइड मलमावर, काहींना डॉक्सीसायक्लिनवर भागतं. नवी गोळी सुरू केल्यावर काही दिवसांत ते महिनाभरात अंग दुखून सोलायला लागलं, ओठ आणि डोळे सुजले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा. फिट येण्याची, गाऊटची (युरिक अ‍ॅसिडच्या सांधेदुखीची) आणि सल्फाची औषधं यासाठी कुप्रसिद्ध आहेत. आणि चुलीशी काम करताना हाताला फोड आला पण चटका कळलाच नाही, असं झालं तर कुष्ठरोगाची तपासणी करा. विदर्भात ते अजून विसरण्यासारखं झालेलं नाही.

राहिली बहिणीची सोयरीक. हा आजार आईकडून मुलीकडे सरळ उतरत नाही. अंगाची काही ठेवण जनुकांतून येते हे खरं, पण एकाच घरात दोघांना पेम्फिगस ही फार क्वचितची गोष्ट. मुलाकडच्यांना ऐकीव सांगू नका. रिपोर्ट आल्यावर त्यांच्यातल्या एकाला मायच्या पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि जे विचारायचं ते त्याला डॉक्टरांनाच विचारू द्या. आणि तो रिपोर्ट आला की त्याची प्रत मला पाठवा. गोळ्यांचं माप मी इथून बदलणार नाही, पण त्यात लिहिलेलं समजावून सांगेन.